लज्जोचा सीन बघायला गेलो होतो: सांगली ते मराठा मंदिर, व्हाया आपटा

शुक्रवार, रात्रीची गाडी

सरळच सांगते, ही ट्रिप मनासारखी झाली नाही. गाडी वेळेवर होती, तिकिटं मिळाली, अख्खा सिनेमा बघितला, कुणी कुठं फसवलं नाही, आणि तरीसुद्धा ज्या एका सीनसाठी आम्ही तिघी सांगलीहून मुंबईला गेलो तो सीन आम्हाला ऐकूच आला नाही. म्हणजे अक्षरशः कानावर पडला नाही. ते कसं झालं ते नीट लिहिते, कारण अजूनही कितीतरी जण असे हौसेनं तिकडे जातात.

सिनेमा म्हणजे ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ आणि थिएटर म्हणजे अर्थातच मुंबई सेंट्रलचं मराठा मंदिर. २० ऑक्टोबर १९९५ ला, दिवाळीच्या तोंडावर सिनेमा लागला आणि तिथला खेळ आजही चालू आहे, साडेअकराचा मॅटिनी. मध्ये करोनात थिएटरच बंद होती तेवढा खंड. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तीस वर्षं झाली म्हणून टीव्हीवर बातमी होती, ती बघता बघता मावशी म्हणाली, "मला एकदा हा मोठ्या पडद्यावर बघायचाय गं." मावशी कधी काही मागत नाही. साडी घ्यायला नेली तरी दुकानात माझ्याचसाठी बघत बसते. त्यामुळे हे वाक्य मी पकडून ठेवलं आणि दिवाळीची गडबड संपल्यावर नोव्हेंबरातलं तिकीट काढून टाकलं.

मावशी आता साठीच्या पुढं आहे. हा सिनेमा आला तेव्हा ती तासगावला सासरी, दोन पोरं लहान, सासूबाई अंथरुणावर. तेव्हा नवीन पिक्चर आधी मोठ्या शहरात चालायचे, तिथला जोर ओसरला की मग तालुक्याच्या टॉकीजला रिळांची पेटी यायची. पेटी आली, पोस्टर लागलं, रिक्षातून भोंगा लावून जाहिरातही फिरली, पण मावशीला काही जाता आलं नाही. शेवटी पुढं कधीतरी केबलवाल्यानं रात्री लावला तेव्हा तिनं आवाज अगदी बारीक करून, टीव्हीला जवळजवळ कान लावून बघितला, सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवर जाऊन तिनं माझ्या आईला फोन केला. मी तेव्हा शाळेत होते आणि मला तो फोन लक्षात आहे कारण आई फोनवर रडत होती आणि मला वाटलं कुणीतरी गेलं. तर मावशी तिला सिनेमातला एक सीन सांगत होती.

तो लज्जोचा. लज्जो म्हणजे सिमरनची आई, फरीदा जलालनं केलेली. लंडनच्या घरात बापाला कळतं की पोरीचं कुणावर तरी प्रेम बसलंय, तो भडकतो, सगळं घर आवरून पंजाबला नेतो, आणि तिथं ही आई पोरीपाशी येऊन बसते. सांगते की लहानपणी माझे वडील म्हणायचे मुलगा मुलगी सारखेच, पण मोठी झाले तेव्हा माझं शिक्षण थांबवलं, कारण भावांचं शिकणं जास्त गरजेचं होतं. मग मुलगी म्हणून सोडलं, बायको म्हणून सोडलं. तू जन्मलीस तेव्हा ठरवलं होतं की माझ्या मुलीला असलं काही सोडावं लागणार नाही. आणि एवढं सांगून झाल्यावर ती पोरीकडे काय मागते, तर तू हे प्रेम सोड.

मावशीचं डीएड असंच राहिलं. दहावीला तालुक्यात चांगले मार्क होते, फॉर्म आणलेला होता, पण दोन मामांच्या फीया एकदम आल्या आणि आजोबांनी तो फॉर्म कपाटात ठेवून दिला. आजोबा वाईट नव्हते. मावशीही कधी तसं म्हणत नाही. पण त्या रात्री टीव्हीला कान लावून तिनं जे ऐकलं ते तिला पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं बोललेलं ऐकू आलं, एवढं मला आईच्या तोंडून पुढं समजलं.

तर आम्ही तिघी: मावशी, मी आणि माझी लेक, जी कॉलेजला आहे आणि जिनं हा सिनेमा तुकड्या-तुकड्यांत फक्त रील्सवर बघितलेला. महालक्ष्मी एक्सप्रेसला सांगलीला चढलो, डब्यात भडंग आणि दशम्या काढल्या. लेक म्हणाली, मावशीआजी, स्टोरी सांग ना आधी. मावशीनं स्टोरी सांगितली ती सगळी लज्जोची. लग्न होऊन परदेशात कशी गेली, नवऱ्याचं मन कायम पंजाबातच कसं, घरात दोन मुली, ती मधे कशी उभी असते. दहा-पंधरा मिनिटं झाली आणि लेक विचारते, "आणि शाहरुख कधी येतो?" मावशी म्हणाली, "येतो की मधी."

शनिवार, सकाळ

दादरला उतरलो. सीएसएमटीपर्यंत जाण्यात अर्थ नव्हता, दादरलाच पूल ओलांडून वेस्टर्नला गेलं की मुंबई सेंट्रल सोपं पडतं. शनिवार असल्यानं लोकलला त्यातल्या त्यात कमी गर्दी होती. मावशीनं गाडीतच साडी बदलून घेतली होती, जांभळी इरकल, तिच्या मुलाच्या साखरपुड्याची. डब्यात एका बाईनं विचारलंसुद्धा, लग्नाला का? मावशी म्हणाली, "पिक्चरला." ती बाई इतकी छान हसली.

मुंबई सेंट्रलला बाहेर आलं की समोर एसटीचं मोठं स्टँड आणि जवळच मराठा मंदिर. आपल्याकडच्या माणसांना हा भाग ओळखीचा असतो, गावाकडून येणारी एसटी इथंच सोडते. आणि म्हणूनच या मॅटिनीला एक वेगळं गिऱ्हाईक कायम असतं: ज्यांची दुपारची गाडी आहे, ज्यांना चार-पाच तास कुठंतरी बसायचंय, सामान घेऊन फिरायचं नाही. तिकीट अजूनही इतकं स्वस्त आहे की बाल्कनीत बसलो तरी मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपेक्षा कमी पैसे लागले. हे मला मनापासून आवडलं. तीन तास नऊ मिनिटांचा सिनेमा, पंखा, बसायला खुर्ची, कुणालाही परवडेल असा दर. असं आता मुंबईत काय उरलंय?

आम्ही लवकर पोचलो होतो म्हणून समोर चहा घेतला आणि इमारत बघत उभे राहिलो. हे थिएटर १९५८ चं. रांगेत आमच्या पुढं एक वयस्कर गृहस्थ होते, इथंच नागपाड्याच्या बाजूला आयुष्य गेलेलं, त्यांनी लेकीला ‘मुघल-ए-आझम’ची हकिगत सांगितली. ५ ऑगस्ट १९६० ला त्याचा प्रीमियर इथंच झाला आणि रिळं हत्तीवरून आणली होती. लेकीला खरं वाटेना. ‘पाकीजा’चा प्रीमियरही इथलाच, १९७२ च्या फेब्रुवारीतला. ते म्हणाले, ‘दिलवाले’ला हजार आठवडे झाले तेव्हाही ते आले होते. ते २०१४ च्या डिसेंबरात. त्यानंतर २०१५ च्या फेब्रुवारीत आता हा खेळ बंद होणार अशी बातमी आली, लोक हळहळले, आणि लगेच पुन्हा सुरूही झाला. हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता की घरातल्या कुणाचं तरी दुखणं बरं झाल्याचं सांगतायत.

मावशी फार बोलत नव्हती. पोस्टरसमोर उभं राहून तिनं एकदा विचारलं, "ह्यात लज्जो कुठाय गं?" पोस्टरवर राज आणि सिमरन होते. मी म्हटलं, आत दिसेल. तिनं चष्मा पदरानं पुसला आणि पर्समध्ये न ठेवता हातातच धरून ठेवला.

शनिवार, सिनेमा

सुरुवात झकास झाली. अमरीश पुरी लंडनमध्ये कबुतरांना दाणे घालतात तो पहिला सीन आला आणि लगेच टाळ्या. अमरीश पुरींना जाऊनही आता वीस वर्षं झाली, पण त्यांचा आवाज त्या हॉलमध्ये घुमला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जतिन-ललितची गाणी सगळा हॉल म्हणत होता. काजोल आली तेव्हा मावशीनं लेकीला कानात सांगितलं की हिची आई तनुजा आणि आजी शोभना समर्थ, आपल्या मराठी. आमची आजी शोभना समर्थला कायम ‘सीता’च म्हणायची, १९४३ च्या ‘रामराज्य’मुळे. सतीश शहा दिसले तेव्हा एकदम शांतता झाली आणि मग एक मोठी टाळी, कारण ते नुकतेच ऑक्टोबरात गेले. ही टाळी फार बरोबर ठिकाणी पडली. म्हणजे हॉलला मन नव्हतं असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण हळूहळू आवाज वाढत गेला. आमच्या मागच्या रांगेत कॉलेजची पोरं होती, पाच-सहा, त्यांना सिनेमा तोंडपाठ. नट बोलायच्या आधी हे बोलणार. युरोपच्या ट्रिपभर मजा आली, मी पण हसले, सिमरन मागं वळून बघते का तो सीन आला तेव्हा तर अख्खी बाल्कनी एका सुरात ओरडली आणि मावशीसुद्धा ओरडली, तिला मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडताना बघितलं. पुढच्या रांगेतलं जोडपं फोन उभा करून स्वतःचा व्हिडिओ काढत होतं, मागं पडदा येईल असा. गाणं लागलं की फोनची बत्ती चालू. ठीक आहे, गाण्याला चालतं.

मग लंडनचं घर आलं. बाप चिडला, घर सोडून सगळे पंजाबला पोचले. मावशी खुर्चीत पुढं सरकली, दोन्ही कोपर समोरच्या खुर्चीच्या पाठीवर. मला कळलं आता येणार.

आणि नेमकं तेव्हा हॉल सुटला. म्हणजे लोकांना वाटलं की आता गाणं नाही, कॉमेडी नाही, शाहरुखही नाही, चला जाऊन येऊ. आमच्या रांगेतून चौघंजण पाय ओलांडत बाहेर पडले, त्यांच्यासाठी आम्ही उठलो, बसलो. खालच्या बाजूला कुणीतरी फोनवर मोठ्यानं सांगत होतं की हां हां, स्टँडसमोरच आहे, गाडी तीनची आहे, तू निघू नको इतक्यात. पुढचं जोडपं काढलेले व्हिडिओ आवाजासकट बघत होतं, त्यातून मगाचचंच गाणं पुन्हा वाजत होतं. आणि मागची पोरं, ज्यांच्या तोंडात आत्तापर्यंत प्रत्येक वाक्य होतं, ती आता संध्याकाळी कुठं जायचं ते ठरवत होती. पडद्यावर फरीदा जलाल बोलतेय, तिचे ओठ हलतायत, काजोलचा चेहरा हळूहळू बदलतोय, आणि मावशी कानामागं तळहात धरून बसलीय, वाकून.

मी मागं वळून म्हटलं, अरे जरा दोन मिनिटं गप बसा ना. त्यातला एकजण अगदी नीट, उद्धटपणे नाही, म्हणाला, "काकू, सगळ्यांना पाठ आहे हा पिक्चर." खरंच पाठ होता त्यांना. बापाचं शेवटचं वाक्य, राजच्या सगळ्या फिरक्या, दुकानातली बिअर, सगळं. लज्जोचं एकही वाक्य त्यांच्या तोंडात नव्हतं. तीस वर्षं हा सिनेमा चालू आहे आणि पोरांपर्यंत पोचताना त्यातली आई गळून गेली, ह्याचं मला जे वाईट वाटलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही.

सीन संपला. मावशी मागं टेकली. मला म्हणाली, "ऐकूच आलं नाही गं काही."

मी काय बोलणार. पंजाबचं बाकीचं सगळं पुढं झालं, मोहरीची शेतं, करवा चौथ, मेहंदी. दादीच्या भूमिकेतल्या अचला सचदेव दिसल्या, त्या शेवटी पुण्यातच राहायच्या आणि २०१२ मध्ये पुण्यातच गेल्या, हे मला लेकीला सांगायचं होतं पण मी मावशीकडेच बघत होते. अजून एक आशा होती. आई दागिन्यांची पुरचुंडी घेऊन येते आणि दोघांना म्हणते पळून जा, तो सीन. तो ऐकू आला. पूर्ण नाही, पण आला. मात्र त्यात लगेच राज बोलायला लागतो, मी हिला पळवून नेणार नाही, हिचे बाबूजी स्वतः देतील तेव्हाच नेईन, आणि हॉलमध्ये शिट्ट्या. आईनं जे हातात आणलंय ते तसंच राहतं. मावशीनं त्या शिट्ट्यांच्या दिशेनं एकदा वळून बघितलं.

शेवटी स्टेशन, गाडी, बाप पोरीचा हात धरून ठेवतो आणि मग सोडतो. सगळे उभे राहिले. लेक पण उभी राहिली, तिच्या डोळ्यात पाणी होतं, ते मला दिसलं. मावशी बसूनच होती.

शनिवार, दुपारनंतर

बाहेर ऊन मी म्हणत होतं. जवळच्या एका हॉटेलात शिरलो, डोसे मागवले, आणि तिथं जी चर्चा झाली ती मला सिनेमापेक्षा जास्त दिवस पुरणार आहे.

लेकीनं सुरुवात केली. तिचं म्हणणं, सिमरनला युरोपला जायला बापाची परवानगी लागते, पहाटे उठून पूजा करून ती एक महिना मागून घेते. आणि शेवटी गाडीत चढायलाही बापाचीच परवानगी. मग मधल्या तीन तासात बदललं काय? राज परवानगी मागतो ती बापाकडे. सिमरन त्याला शंभर वेळा सांगते, चल जाऊ, तिचं कुणी ऐकत नाही. तिला कुणी विचारलं का की तुला काय करायचंय?

मला वाटलं मावशी चिडेल, तिचा लाडका सिनेमा. तर मावशीनं तिला अगदी शांतपणे तेव्हाचं सांगितलं. म्हणाली, तुला आज तसं वाटणारच. पण तेव्हा आम्ही काय बघत होतो? १९८८ चा ‘कयामत से कयामत तक’ बघ, दोघं पळून जातात आणि दोघंही मरतात. पळालं की मरण, नाहीतर घरी बसून रडणं. त्यात हा पोरगा येतो आणि म्हणतो मी दारातून नेणार, कुणाचं तोंड काळं न करता. आम्हा बायकांना वाटलं, असंही होऊ शकतं? पोरीला प्रेम पण मिळेल आणि माहेर पण राहील? माहेर तुटणं म्हणजे काय हे तुम्हाला नाही कळायचं बाळा, तेव्हा फोन पण नव्हते घरात.

हे मी लेकीच्या बाजूनं ऐकत होते आणि मावशीच्याही. दोघींचं मला पटत होतं. पण आज हॉलमध्ये बसून मला स्वतःला जे दिसलं ते असं, की आदित्य चोप्रानं पहिल्याच सिनेमात, वयाच्या विशी-पंचविशीत, त्या आईच्या तोंडी हिंदी सिनेमातलं एक फार खरं बोलणं दिलं. बाईला वचन देण्याचाही हक्क नसतो इथपर्यंत तो पोचला. आणि मग ते बोलणं तिथंच सोडून दिलं. बापाला बदलायची संधी मिळते, हात सोडायचा मोठा क्षण मिळतो, तीस वर्षं टाळ्या मिळतात. लज्जो त्याच प्लॅटफॉर्मवर असते. तिला काहीच मिळत नाही. पळून जा म्हणण्याचं धाडस त्या घरात एकट्या तिनं केलं, आणि सिनेमा म्हणतो ते धाडस चुकीचं, बरोबर काय ते राजला माहीत. हे टीव्हीवर जाहिरातींच्या मधे कधी जाणवलं नव्हतं. मोठ्या पडद्यावर फार जाणवलं, आणि त्रास झाला. हॉलनं त्या बाईचं ऐकलं नाही ह्याचा मला राग आला होता, पण मग वाटलं, सिनेमा तरी कुठं पुढं तिचं ऐकतो?

मी हे बोलले. मावशी बराच वेळ चटणीत डोसा बुडवत बसली. मग म्हणाली, "तिनं पुरचुंडी बांधली हेच मला पुरं होतं. आमच्या आईनं तेवढं पण नव्हतं केलं." नंतर तिनं विषय बदलला, बिल किती झालं ते विचारलं.

तिथून मुक्कामाला कामोठ्याला मामेभावाकडे. मुंबई सेंट्रल ते दादर, दादर ते कुर्ला, कुर्ल्याहून पनवेल लोकल आणि मानसरोवरला उतरायचं. संध्याकाळची गर्दी, मावशीला कुर्ल्याला चढताना धक्काबुक्की झाली, इरकलीची निरी थोडी फाटली. वहिनीनं घरी गेल्या गेल्या सुईदोरा काढून दिला आणि पिठलं-भात केला होता, त्यानं जरा जिवात जीव आला.

रविवार, आपटा

हा बेत लेकीचा. सिनेमातलं ते शेवटचं पंजाबचं स्टेशन पंजाबात नाहीच, आपल्या रायगडात आहे, आपटा, पनवेल-रोहा मार्गावर. ‘दिलवाले’चा क्लायमॅक्स इथं शूट झाला. कामोठ्यापर्यंत आलोच आहोत तर जाऊ या म्हणाली.

आपट्याला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, म्हणून पनवेलहून रिक्षा ठरवली. गोवा हायवेनं जाताना कर्नाळ्याचा सुळका दिसतो, नोव्हेंबरात डोंगर अजून हिरवे होते, हवा सुंदर होती. मावशीचं मनही जरा लागलं, तिला झाडं ओळखायची हौस, साग, ऐन, आंबा असं सांगत होती.

स्टेशन छोटं आणि शांत. सिनेमातलं काही शोधायला गेलात तर निराश व्हाल हे आधीच सांगते. तेव्हा रुळांवर विजेच्या तारा नव्हत्या, आता आहेत, खांब आहेत, दुहेरी मार्ग झालाय, आणि हे सगळं व्हायलाच हवं होतं, कोकणात जाणाऱ्या माणसांचे हाल कमी झाले. डोंगर आणि झाडं मात्र असतील तशीच. आम्ही होतो तेवढ्यात एक एक्सप्रेस न थांबता धाडधाड गेली, लेकीनं व्हिडिओ काढला.

रिक्षावाला दादा तिथलाच, उत्साही. पाहुण्यांना दाखवायची त्याला सवय असावी. म्हणाला, हे बघा, इथून गाडी निघाली, शाहरुख दारात उभा होता, काजोल इथून पळत आली, अमरीश पुरी ह्या बाजूला. त्याच्या घरातल्या मोठ्या माणसांनी गर्दीत उभं राहून शूटिंग बघितलेलं म्हणे. लेक तिथं तिथं उभी राहून फोटो काढत होती.

मावशीनं त्याला विचारलं, "आणि आई कुठं उभी होती?"

"कुणाची आई?"

"तिची. सिमरनची."

तो विचारात पडला. आठवायचा खरंच प्रयत्न केला त्यानं, टाळलं नाही. मग म्हणाला, "असंल की इथंच कुठंतरी, आजी. ते काय कुणी विचारत नाय."

मावशी प्लॅटफॉर्मवरून थोडी चालत गेली, एका बाकाजवळ थांबली, तिथं एक बाई टोपलीत काकड्या घेऊन गाडीची वाट बघत बसली होती, तिच्याशी बोलत बसली. कुठल्या तुम्ही, मुलं किती, काकडी काय भाव. दोन काकड्या घेतल्या, मीठ-मिरची लावून खाल्ल्या. फोटोत यायला मात्र ती आली नाही, लेकीनं तीनदा हाक मारली तरी. मला वाईट वाटलं, कारण तिला आनंद व्हावा म्हणूनच हे सगळं आखलं होतं, आणि दोन दिवसात तिला तो झाला तो लोकलमधल्या त्या बाईपाशी आणि ह्या काकडीवालीपाशी. सिनेमापाशी नाही झाला.

रात्री कळंबोलीहून ट्रॅव्हल्स पकडली. गाडीत झोप लागेपर्यंत लेक गप्प होती. मग मला म्हणाली, मम्मी, मावशीआजीचा तो डीएडचा फॉर्म अजून आहे का कुठं? मी म्हटलं, आजोबांच्या कपाटाचं काय झालं मलाच माहीत नाही.

सोमवार, सांगली

पहाटे उतरलो. मावशीला तासगावच्या एसटीत बसवून दिलं. जाताना तिनं लेकीच्या हातावर पैसे ठेवले, नेहमीप्रमाणे, आणि मला म्हणाली, पुढच्या वेळी नाटकाला जाऊ, तिथं लोक गप तरी बसतात. परत मराठा मंदिरला येणार का विचारलं तर सरळ नाही म्हणाली.

लेकीचं उलटं. तिला परत जायचंय, पण आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी कमी असेल तेव्हा, आणि तिला तो पंजाबच्या घरातला सीन पूर्ण ऐकायचाय. मी म्हटलं, ऑनलाइन आहे की. म्हणाली, ते मी आल्या आल्या ऐकलंच, हेडफोन लावून, पण मला तो तिथं ऐकायचाय.

तर तुम्ही कुणी जाणार असाल तर जरूर जा. स्वस्त आहे, पडदा मोठा आहे, गाण्यांना हवं तेवढं नाचा, बत्त्या लावा, शिट्ट्या मारा, मी पण मारेन. फक्त सगळे पंजाबला पोचतात आणि आई पोरीपाशी येऊन बसते ना, तेव्हा उठू नका. बाहेर जायचं असेल तर नंतर जा. फोन खाली ठेवा आणि तिला बोलू द्या. तुमच्या पुढच्या रांगेत कुणीतरी खास तेवढ्यासाठी रात्रभर प्रवास करून आलेलं असू शकतं.